वरची सुई

मनोरमाबाई गेल्या आणि आठवडा व्हायच्या आत त्या फिल्मवाल्या पोरानं मोबाईलवर त्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, आमच्या फिल्मवर भरभरून प्रेम करणाऱ्या, दिलखुलास हसणाऱ्या टीचरना श्रद्धांजली. सुनेनं मला ते दाखवलं तेव्हा मी गिरणीत उभी होते. कुणाच्या तरी बाजरीवर मी कुणाचे तरी गहू ओतले. दोन घरच्या बायकांची बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

प्रेम करणाऱ्या! अहो, त्या बाईनं त्या फिल्मवर जेवढा राग केला तेवढा मी माझ्या नवऱ्यावरसुद्धा केला नाही, आणि आमचे हे काही साधे गृहस्थ नव्हते.

म्हणून लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. चौथीत शाळा सुटली. पुढचं वाचन सगळं गिरणीत बसून, बाईंच्या घरच्या रद्दीतून. माझ्या लिहिण्यातल्या वेलांट्या सुधारायला आता त्या नाहीत, तेव्हा जसं येईल तसं घ्या.

आमच्या श्रीरामपुरात माझ्या गिरणीसमोर त्यांचं घर. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं सिमेंटची पायरी, दारावर लाकडी क्रूस. बाई शाळेत मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही. आई जवळ असायची, रत्नामावशी. नव्वदी गाठलेली, डोळे गेलेले, कान मात्र असे की माझी गिरणी चालू असताना गल्लीत कोण कुजबुजलं ते त्यांना कळायचं. मावशी अजून आहेत. त्यांची भाची येऊन राहिलीय.

बाईंचा उजवा पाय अधू होता, बाहेर पडताना हातात काठी. पाऊल लोंबायचं, म्हणून गुडघा वर उचलून पाय पुढं फेकायच्या, जणू रोज एक न दिसणारा उंबरा ओलांडतायत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पोलिओ." मला एकदा म्हणाल्या, "शकू, पोलिओ म्हटलं की माणसं पुढं काही विचारत नाहीत. सोपं पडतं."

त्यांना वेड एकच, सिनेमा. आमच्या इथल्या साप्ताहिकात दर शुक्रवारी त्यांचं परीक्षण यायचं. थिएटरात कडेची खुर्ची लागायची, पाय मोकळ्या वाटेत ठेवता यावा म्हणून. दारावरचा माणूस ती खुर्ची कोणाला देत नसे. गाणं लागलं की चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. गाणं संपलं की चष्मा पुन्हा नाकावर. आणि बघायच्या कुठं, तर पडद्याच्या कडेला. हिरो मधे नाचतोय आणि बाईंचं लक्ष मागं पाणी भरणाऱ्या बाईकडं. आम्ही गल्लीतल्या चौघीजणी एकदा त्यांच्याबरोबर एक घरगुती सिनेमा बघून आलो. आमचे पदर ओले. बाई रिक्षात बसल्या आणि विचारतात, "त्या घरात एवढी माणसं जेवली, ताटं कोणी उचलली गं?"

"बाई, ती म्हातारी मेली तिथं आम्ही रडतोय आणि तुमचं काय ताटं!"

"मेली ती पडद्यावर दिसली. ताटं उचलणारी दिसलीच नाही. म्हणून विचारते."

तिखट लिहायच्या. तालुक्यातल्या एका बड्या बागायतदाराच्या पोरानं ऊसतोडीवर सिनेमा काढला होता. सगळ्यांनी वाहवा केली. बाईंनी लिहिलं की यातल्या मजुरणीच्या हातात शेवटपर्यंत काचेच्या बांगड्या वाजत राहतात, यावरून निर्मात्याने ऊस फक्त रसवंतीत पाहिला असावा. तो पोरगा जीप घेऊन आला. मी गिरणी बंद करून दारात उभी राहिले, म्हटलं आता काय होतंय. तो ओरडला, "बाई, माझी दोन वर्षं गेली ह्यात!" बाई म्हणाल्या, "बस. चहा घे. पाचटात बांगडी टिकते का, सांग." तो बसला. उन्हं कलेपर्यंत बसला. पुढं दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा आणि पायरीवर बसून शिव्या खायचा. अशी बाई.

आता त्या फिल्मचं सांगते.

आमच्या भागात फार पूर्वी दामूअण्णा पेटीवाला म्हणून एक इसम होऊन गेला. आधी जत्रांमधून चित्रांची पेटी दाखवायचा, डोळा लावला की आत ताजमहाल दिसायचा, तसली. मग त्याच्या डोक्यात काय आलं, त्यानं मोठी लाकडी पेटी केली, तिला रंगीत काचा बसवल्या, आत गॅसबत्ती ठेवली आणि डॉक्टर झाला. तापाला निळा उजेड, खोकल्याला पिवळा, बाळंतरोगाला तांबडा. देवळाली प्रवरेच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर बैलगाडीतून पेटी घेऊन हिंडायचा. लोक ज्वारी द्यायचे, अंडी द्यायचे. आणि उजेड टाकून झाला की तो वर एक सुई टोचायचा. फुकट. भाजीवाली मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर टाकते ना, तशी. तिला लोक वरची सुई म्हणायचे. उजेडावर समाधान व्हायचं नाही, वरची सुई मिळाली की औषध झालं असं वाटायचं.

त्याच्यावर पुण्याच्या एका पोरानं फिल्म काढली. नट-नट्यांची नव्हे, खऱ्या माणसांची; बोलतात, दाखवतात, तशी. नाव दिलं 'सात रंगांचा डॉक्टर'. ती फिल्म कुठं कुठं गेली, बक्षिसं घेऊन आली. पेपरांत हे भरभरून. कोणी म्हणालं लोभस, कोणी म्हणालं निरागस, कोणी त्या दामूअण्णाला खेड्यातला जादूगारच करून टाकला. एका मोठ्या पेपरातल्या शहाण्यानं लिहिलं की ज्या काळात माणूस माणसाला शिवत नव्हता त्या काळात याचा उजेड सगळ्यांवर सारखा पडत होता. हे सगळं मी दुपारी दळण नसलं की मावशींना वाचून दाखवायचे. त्यांचा नेमच होता तो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. मावशी दुसरं काही ऐकलं की मधे मधे बोलायच्या. हे ऐकताना गप्प. मला वाटलं, डुलकी लागली.

मग ती फिल्म आमच्याकडं आली, कॉलेजच्या हॉलमधे. अख्खं गाव लोटलं. बाईंना कडेची खुर्ची, मी शेजारी.

खोटं कशाला बोलू, फिल्म गोड होती. म्हातारे म्हातारे लोक बोलत होते, पेटीवर धूळ, मग ती पुसून आत दिवा लावला आणि सगळी भिंत निळी झाली. एक जण सांगत होता, त्याच्या आजीला चुकून तांबड्याऐवजी हिरवा उजेड दिला तर ती घाबरली, आता आपल्याला पालवी फुटते की काय. हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या, मोठ्यानं. पुढं असंच आणखी एकदा. मग ओट्यावर बसलेला एक दात पडलेला आजोबा आला. त्यानं बोट वर केलं आणि म्हणाला, "उजेडाचं घ्यायचा, पर वरची सुई फुकाट! आमी तर सुईसाटीच आजारी पडायचो!" काय हसले लोक! बाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली इतकं हसू आलं त्यांना.

आणि मधेच थांबल्या. हात माझ्या मांडीवर तसाच राहिला, पण बोटं अशी आवळली की मला दुखलं.

आजोबा बोलत होता आणि त्याच्या मागून, पडद्याच्या पार कडेनं, एक माणूस बादली घेऊन गेला. सत्तरीचा असेल. गुडघा वर उचलून पाय फेकत गेला. न दिसणारा उंबरा ओलांडत. दोन पावलं दिसला आणि गेला.

मी बाईंकडं बघितलं. मग त्यांच्या पायाकडं बघितलं, वाटेत लांब केलेल्या. इतकी वर्षं समोर राहते मी. त्या दिवशी कळलं मला, पोलिओ नव्हे, वरची सुई.

संपल्यावर चहा होता. तो पोरगा बाईंना शोधत आला. चांगला होता हो, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "टीचर, मी पडद्याकडं बघतच नव्हतो, तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही हसलात ना, मला सगळं पावलं."

"हसले," बाई म्हणाल्या. "तो बादलीवाला कोण?"

"कोणता बादलीवाला?"

"तुझ्याच फिल्ममधला. आजोबाच्या मागून गेला तो."

पोरगा आठवून म्हणाला, "हां, तो! अहो, तो असाच मधे आला. काढायचाच होता, पण आजोबांचा शॉट इतका सुंदर मिळाला होता, की म्हटलं जाऊ दे, कोणाचं लक्ष जाणार आहे."

बाईंनी कप खाली ठेवला. "त्याला विचारलंस का, पाय कशानं गेला?"

"टीचर, माझा विषय उजेड होता. ते इंजेक्शन वगैरे... त्यात गेलो असतो तर फिल्म फार जड झाली असती."

"जड," बाई म्हणाल्या. मग माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी म्हणाल्या, "मी हसले गं, शकू. माझ्याच पायावर मी हसले. इतकं चांगलं काढलंय त्यानं." त्यांचा राग तिथं होता. वाईट फिल्म असती तर चार ओळींत निकाल लावला असता.

त्यांचा संपादक त्यांचाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी घरी हजर. "बाई, आपल्या तालुक्याचं नाव झालंय. दामूअण्णांचे नातू आपल्याला जाहिराती देतात. जरा सांभाळून लिहा."

"सांभाळून कसं चालायचं ते तू मला शिकवणार?" बाई म्हणाल्या. त्यानं मान खाली घातली. पण बाई लिहायला बसल्या नाहीत. मी पहिल्यांदा त्यांना कागदासमोर असं अडलेलं पाहिलं. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून लिहायच्या त्या नेहमी. तशाच उभ्या होत्या, पेन बंद. आत मावशी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या.

बाईंनी मला पायरीवर बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी लिहीन ते शुक्रवारी आईला वाचून दाखवू नकोस."

"मावशी सोडतील का? तुमचं परीक्षण त्या आधी मागतात."

"मग काही तरी दुसरं वाच. जुनं वाच. शकू, सुई मागितली ती तिनं. मी चार वर्षांची होते. तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आम्ही दोघी एवढी वर्षं पोलिओ म्हणत आलोय. मी छापलं तर तिच्या म्हातारपणाचं काय करू?"

हे एक होतं बघा त्यांच्यापुढं. न लिहावं तर त्या बादलीवाल्याला दुसऱ्यांदा कडेनं जाऊ द्यायचं. लिहावं तर आईला नव्वदाव्या वर्षी आरोपी करायचं.

लिहिलं त्यांनी. शुक्रवारी पेपर आला. मी मागच्या महिन्यातला अंक घेऊन मावशींपुढं बसले आणि वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला मावशी म्हणाल्या, "शके, ह्ये शिळं हाय. ताजं वाच."

"मावशी, आज नाही आलंय त्यांचं."

"आलंय. कागूद करकरतोय तुज्या काखंत. वाच."

वाचलं मग. काय करणार! बाईंनी लिहिलं होतं की चित्रपट सुरेख आहे, आपण तीनदा मोठ्याने हसलो आणि त्या हसण्याची आपल्याला लाज वाटते. ज्यांनी याला निरागस म्हटलं त्यांनी बादली घेऊन जाणारा माणूस पाहिलेला नाही, कारण दिग्दर्शकानेही तो पाहिलेला नाही. त्या उजेडाने कोणाचे काही बिघडले नाही. पण सुई चुकीच्या जागी बसली की पोराचा पाय कायमचा जातो, आणि या भागात असे पाय जागोजागी चालताना दिसतील. त्यातला एक माझा. बस. आईचं नाव नाही, मागितल्याचं नाही. सुई त्याने दिली, एवढंच.

मावशींनी लसणाची परडी बाजूला सरकवली. "झालं?"

"झालं."

"मागितली कोनी, त्ये न्हाई लिवलं?"

तेवढ्यात बाई भाजीची पिशवी घेऊन दारात. त्यांनी माझ्या हातातला पेपर पाहिला आणि चौकट धरली.

"मने," मावशी म्हणाल्या, "अर्दं का लिवलंस गं?"

"आई, राहू दे ना."

"का राहू दे? समदी म्हनत्यात त्येचा उजेड समद्यांवर सारका पडायचा. पडायचाच की! उजेड लांबून पडतो. आपल्या वस्तीतली लेकरं लांब बसवायचा, आन् तिथूनच पेटी दावायचा. हात लावाया लागू नये म्हून. सुईला हात लावावा लागतो. त्या वरल्या आळीच्या पोरांना द्यायचा, आपल्याला न्हाई. तुला ताप आल्ता. मला म्हन्ला, उजेडावर भागंल. म्या म्हन्लं, का? आमचं लेकरू लेकरू न्हाई व्हय? त्येला बी हात लाव, त्येला बी सुई दे. गाडीम्होरं आडवी बसले मी. मग दिली, तोंड तिकडं करून. बगत बी नव्हता कुटं टोचतोय."

माझी गिरणी बंद होती. बाई तिथंच खाली बसल्या, पिशवीतली वांगी घरंगळली. त्या म्हणाल्या, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलं न्हाई. तुला वाटायचं मी रडंल. मी रडून झालीय कवाच." मग त्यांचा आवाज चढला, एवढुशा अंगातून एवढा आवाज! "म्या चूक मागितलं न्हाई, मने! म्या बराबर मागितलं. देनारा कसाई निगाला. लिव त्ये. पुडल्या शुक्रवारी लिव. आन् माजं नाव घाल त्याच्यात."

बाईंनी लिहिलं. संपादकानं छापलं नाही. म्हणाला, एका फिल्मवर दोनदा परीक्षण येत नसतं, आणि आता ह्यात जातीचं निघालं, मला पेपर चालवायचाय. बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी ज्याला बाराखडी शिकवली तो माणूस हे त्यांच्या तोंडावर बोलला. मावशी रोज विचारायच्या, "आलं का गं शके माजं नाव?" मी सांगायचे, नाही आलं. तिथं मला खोटं बोलवत नव्हतं.

आणि मग ती फिल्म लोकांच्या आग्रहावरून परत आली. गावभर पोस्टर. पेटी, त्यातून निघालेले सात रंग, वर बक्षिसं मिळाली की छापतात तसल्या पानांच्या डहाळ्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'मी तीनदा मोठ्याने हसले! – मनोरमा साळवे.'

पुढचं वाक्य कापलेलं. लाज वाटली ते कापलेलं.

मी ते बाईंना सांगायला धावत गेले तर त्यांनी आधीच पाहिलं होतं. चष्मा पुसत होत्या. मला वाटलं आता वकील गाठतील, फोन करतील, त्या पोराचं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "तुझ्या नातवाकडं ते जाड काळं पेन असतं ना, खोक्यावर नाव लिहायचं? दे मला."

दुसऱ्या दिवशी मला नेवाशाला लेकीकडं जायचं होतं, ती बाळंतपणाला टेकली होती. सकाळी स्टँडवर एसटीत खिडकीशी बसले. गाडी भरत होती, कंडक्टर पोत्यांवरून कोणाशी तरी भांडत होता. आणि समोरच्या भिंतीकडं लक्ष गेलं. तिथं पोस्टर, आणि पोस्टरसमोर बाई.

काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. डाव्या हातानं भिंत धरलेली, सगळा भार एका पायावर. दुसरा पाय जमिनीपासून जरा वर, लोंबता. इस्त्रीची पांढरी साडी, आणि मागं दोन पोरी उभ्या राहून मोबाईलवर काढतायत, त्यांच्याकडं लक्षच नाही. आपल्या नावाखाली, त्या सात रंगांच्या अंगावर, फळ्यावर लिहायच्या तशा ठसठशीत अक्षरात लिहीत होत्या. मी खिडकीतून हाक मारली, "बाई!" गाडी सुरू झालेली, कुठं ऐकू येणार.

मला वाचता आलं ते एवढं: 'आणि त्याची मला लाज वाटते. सुई माझी आई रत्नाबाई साळवे हिने मागितली, कारण'

ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, मग वळवली. कागद संपला होता. बाई काठी घेऊन एक पाऊल सरकल्या आणि पुढचा शब्द त्यांनी भिंतीवर लिहायला घेतला.